खाऱ्या पाण्याची बाग आणि समुद्रघोडा

पुणें शहराच्या दक्षिणेस स्वारगेट म्हणून जो गजबजलेला भाग आहे, त्यास तें नांव पूर्वीं तेथें असणाऱ्या घोडेस्वारांच्या पहाऱ्यावरून पडलें, असें सांगतात. ते स्वार गेले, त्यांचे घोडेही गेले. आतां तेथें एस. टी.च्या गाड्या आणि उतारूंची दाटी. अशा ह्या ठिकाणीं एखाद्या माडीवरील खोलींत काचेची टांकी मांडावी, तींत खारें पाणी भरावें, तळाशीं वाळू पसरून समुद्रांतील गवत लावावें, आणि त्या गवताला शेपटीचा विळखा घालून उभा राहणारा समुद्रघोडा त्यांत पाळावा, असें कोणा कुटुंबाच्या मनांत आलें तर शेजारीपाजारी हसतील. समुद्र येथून सरळ रेषेनें मोजला तरी शंभर किलोमीटरांच्या आसपास. मध्यें सह्याद्रीची भिंत. आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून उंचावर. परंतु समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसानें समुद्राचा तुकडा घरांत आणून ठेवावा, ही हौस वाटते तितकी अलीकडची नाहीं. तिला पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो इतिहास केवळ करमणुकीचा नाहीं.

दूरदेशचे जीव शहरांत आणून ठेवण्याची हौस तर स्वारगेटच्या शेजारालाच जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं तळें बांधविलें, त्यांतील बेटावर बाग केली, आणि तीच पुढें सारसबाग ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. तळ्यांतला गणपति १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत बसला. तळें आटून गेलें तरी लोकांच्या तोंडीं गणपति अद्याप तळ्यांतलाच आहे. ह्याच सवाई माधवरावांचा पर्वतीनजीक शिकारखाना होता. तेथील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट नांवाच्या पुणेरी चित्रकारानें १७९० च्या नोव्हेंबरांत काढिलें, तें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. गेंडा हा कांहीं मुळामुठेच्या कांठचा प्राणी नव्हे; तो येथें आला, येथील हवा श्वासांत घेता झाला, आणि चित्रकारापुढें उभाही राहिला. पुढें ह्याच परिसरांत १९५३ सालीं महानगरपालिकेचें पेशवे उद्यान झालें, आणि १९९९ सालीं कात्रज येथें नवें प्राणिसंग्रहालय उघडल्यावर तेथील जनावरें तिकडे गेलीं.

गेंडा आणतां येतो, सिंह आणतां येतो. समुद्रांतला बोटभर मासा मात्र आणतां येत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. भूचर प्राणी कोठेंही नेला तरी त्याचें वातावरण तेथें अगोदरच हजर असतें. जलचराचें वातावरण त्याच्याबरोबर उचलून न्यावें लागतें, आणि नेलेलें तें पाणी त्या जीवाच्या श्वासानें व मळानें घटकाघटकेला बिघडत जातें. नदीचा मासा घंगाळांत चार दिवस काढील. समुद्राच्या जिवाला तितकाही अवकाश नसतो. तेव्हां प्रश्न मासा आणण्याचा नव्हता. पाणी जिवंत कसें ठेवावें, हा होता.

ह्या प्रश्नाशीं पहिली चिकाटीची झुंज एका बाईनें घेतली. झान व्हिलप्रो ही फ्रान्समधील एका खेड्यांत १७९४ सालीं जन्मली. पॅरिसला येऊन ती शिवणकामांत निष्णात झाली. १८१६ सालीं एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिचें कशिद्याचें काम होतें. पुढें पॉवर नांवाच्या व्यापाऱ्याशीं विवाह करून ती सिसिली बेटांतील मेसिना बंदरीं राहावयास गेली, आणि शाळा-महाविद्यालयाचें पाठबळ नसतां तिनें समुद्रजीवांचा अभ्यास आरंभिला. कागदासारख्या पातळ शिंपल्यांत राहणारा अर्गोनॉट नांवाचा प्राणी तो शिंपला स्वतः करतो कीं दुसऱ्याचा बळकावतो, ह्याविषयीं पंडितांत जुना वाद होता. बाईंनीं १८३२ च्या सुमारास काचेच्या टांक्या करवून त्यांत हे प्राणी ठेविले, त्यांचे शिंपले मुद्दाम फोडून पाहिले, आणि प्राणी ते स्वतःच सांधतो हें डोळ्यांनीं पाहून सिद्ध केलें. वाद मिटला. मात्र मेसिनास समुद्र दाराशींच होता. पाणी बिघडलें कीं बदलावें, इतकें सोपें.

समुद्रापासून दूर हें कोडें खऱ्या अर्थानें सुटलें तें लंडन शहरांत, आणि तेंही योगायोगानें. ॲना थिन ह्या बाईंचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेचे धर्माधिकारी. १८४६ सालीं त्या समुद्रकिनारीं टॉर्की येथें गेल्या असतां त्यांस खडकांवरील प्रवाळ फार आवडले. ते घरीं न्यावे असें मनांत येऊन त्यांनीं एका मोठ्या स्पंजावर ते सुईदोऱ्यानें टांचले, म्हणजे वाटेंत आपटूं नयेत, आणि दगडी बरणींत घालून लंडनास आणिले. आरंभीं किनाऱ्याहून ताजें पाणी मागवीत. तें वेळेवर येईना. तेव्हां त्यांनीं घरांतील मोलकरणीस उघड्या खिडकीशीं बसवून, तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत उंचावरून ओतण्यास सांगितलें. रोज अर्धापाऊण तास हें काम चाले. ताक घुसळल्यासारखें तें पाणी हवेशीं घुसळलें जाई व त्यांत प्राणवायु मिसळे. शास्त्राच्या इतिहासांत थिनबाईंचें नांव राहिलें. जिच्या मनगटावर तो प्रयोग जगला तिचें नांव कोणी टिपून ठेविलें नाहीं.

पुढच्या वर्षीं थिनबाईंनीं त्या पाण्यांत समुद्रवनस्पति सोडल्या. मग मोलकरणीचें काम वनस्पतींनीं पत्करलें, आणि ते प्रवाळ केवळ जगले नाहींत, त्यांना पिलेंही झालीं. लंडनच्या धुरकट हवेंत, किनाऱ्यापासून कितीतरी कोसांवर, स्वतःच्या बळावर तगलेली ती पहिली समुद्रबाग म्हणावयास हरकत नाहीं. बाईंनीं हें वृत्त छापलें मात्र १८५९ सालीं. तोंवर श्रेय दुसऱ्यांकडे गेलें होतें.

त्या दुसऱ्यांपैकीं एक रॉबर्ट वॉरिंग्टन. हा धंद्यानें रसायनशास्त्रज्ञ. त्यानें गोड्या पाण्याच्या टांकींत सोनेरी मासे व एक पाणवनस्पति एकत्र ठेवून, मासा जो कर्बाम्लवायु सोडतो तो वनस्पति घेते व वनस्पति जो प्राणवायु सोडते तो मासा घेतो, हें १८५० सालीं नीट मांडलें. त्याचा प्रयोग आधीं बिघडला होता. पानें कुजून पाणी गढूळ झालें; तेव्हां त्यानें पाणगोगलगाई सोडल्या, त्यांनीं कुजलेलें खाल्लें, आणि त्यांचीं अंडीं माशांनीं खाल्लीं. वनस्पति, प्राणी आणि झाडूवाला असे तिघे जमले कीं संसार चालतो, हा त्याचा सिद्धांत. नंतर त्यानें तोच नियम खाऱ्या पाण्यास लावून पाहिला.

परंतु ही विद्या घरोघर नेली ती फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गलेखकानें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जें मत्स्यगृह उघडलें, त्यासाठीं प्राणी गोळा करण्यांत त्याचा मोठा भाग होता. आणि १८५४ सालीं त्यानें ॲक्वेरियम ह्याच नांवाचें पुस्तक लिहून तो शब्द सर्वतोमुखी केला. समुद्राच्या तांबड्या वनस्पति दिसावयास मनोहर असल्या तरी टांकींत टिकत नाहींत, हिरव्या सालस असतात, असा अनुभवाचा सल्ला त्यानें दिला. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठीं त्यानें कृत्रिम समुद्राची कृतीही सांगितली. साधें मीठ, रेचक म्हणून घेतात तें एप्सम मीठ, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम ह्यांचे क्षार अशीं चार द्रव्यें गोड्या पाण्यांत ठराविक प्रमाणानें विरघळवावयाचीं. स्वारगेटच्या माडीवर समुद्र आणूं पाहणाऱ्याचा हाच मूळ पुरुष.

पुस्तकें खपलीं. दिवाणखान्यांत काचेच्या टांक्या मिरवूं लागल्या. विल्यम आल्फर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थानें लंडनमध्यें समुद्रजीवांचें, टांक्यांचें आणि समुद्राच्या पाण्याचें दुकान काढिलें. आगगाडी नुकतीच किनाऱ्यापर्यंत गेली होती. सुट्टीच्या दिवशीं कुटुंबेंच्या कुटुंबें हातोडी, छिनी व बरण्या घेऊन खडकांवर उतरत. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या ज्या डबक्यांतून गॉसनें एकएक नमुना टिपला होता, तीं डबकीं थोड्याच वर्षांत खरवडून रिकामीं झालीं. त्याचा मुलगा एडमंड गॉस ह्यानें १९०७ सालीं आपल्या वडिलांविषयीं जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांत ह्या उजाड किनाऱ्याचें दुःख आहे, आणि त्याला अंशतः आपल्याच वडिलांचीं पुस्तकें कारण झालीं ही बोचही आहे. गॉस धर्मभीरु मनुष्य होता. सृष्टीची शोभा लोकांच्या दृष्टीस पडावी ह्यापलीकडे त्याचा हेतु नव्हता. पण ज्या समतोलाचें कौतुक लोक काचेंत करीत होते, तोच समतोल ते खडकांवर मोडीत होते. घरच्या टांकींतील जीव बहुधा महिन्याभरांत मरत, आणि मग पुन्हां किनाऱ्याची वाट.

दहाएक वर्षांत ही लाट ओसरली. पुढचा मार्ग लॉइडनें दाखविला तो वनस्पतींचा नव्हे, यंत्राचा. हॅम्बुर्ग येथें १८६४ सालीं व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं त्यानें जीं मत्स्यालयें उभारलीं, त्यांत पाण्याचा मोठा सांठा तळघरांतील अंधारांत ठेवून पंपानें टांक्यांतून अखंड खेळविण्याची योजना होती. पाणी वाहतें राहिलें कीं हवा आपोआप मिळते. मग गवत कशाला? येथून पुढें शंभर वर्षें मोठीं मत्स्यालयें बहुतेक ह्याच वाटेनें गेलीं. भारतांतील पहिलें सार्वजनिक सागरी मत्स्यालय मद्रासेस १९०९ सालीं उघडलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें सुरू झालें. एका पारशी गृहस्थाच्या देणगीचें तें फळ. दोन्ही समुद्राच्या अगदीं कांठावर, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मुंबईच्या मत्स्यालयाचें २०१५ सालीं नूतनीकरण झालें, परंतु अलीकडच्या वर्षांत त्याचीं दारें पुन्हां बंद झालीं.

वनस्पति पुन्हां टांकींत आली ती एका वेगळ्या कारणानें. वॉरिंग्टन व गॉस प्राणवायूचाच हिशेब मांडीत होते. खरी अडचण दुसरीच होती. माशाच्या मळांतून अमोनिया निघतो, आणि तो थोडासाही विषारी असतो. १८७७ सालीं फ्रान्समधील श्लोझिंग व म्युंट्स ह्यांनीं दाखविलें कीं अमोनियाचें रूपांतर सूक्ष्म जंतु करतात. तें होतां होतां शेवटीं नायट्रेट उरतें. शेतांत हें खत, टांकींत हा गाळ. शेतकरी ज्याला नत्राचें खत म्हणून पैसे मोजतो, तेंच येथें फुकट सांचत जातें आणि पाण्यास जड करतें. तें उचलून घेण्याचें काम वनस्पतीइतकें उत्तम कोणी करीत नाहीं. अमेरिकेंतील वॉल्टर ॲडी ह्या शास्त्रज्ञानें वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत १९८० च्या सुमारास प्रवाळांची एक जिवंत प्रतिकृति मांडली, तींत पाणी स्वच्छ ठेवण्याचें काम प्रकाशांत वाढणाऱ्या शेवाळाच्या थराकडे सोपविलें होतें. थिनबाईंनीं अंदाजानें जें केलें, त्याचें कारण सव्वाशें वर्षांनीं असें उमगलें.

आतां समुद्रघोडा. तो मासाच आहे, जरी त्याचें तोंड घोड्याचें, शेपटी माकडाची, आणि पोटाची पिशवी कांगारूची वाटते. आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या पिवळ्या समुद्रघोड्यास शास्त्रांत हिपोकॅम्पस कुडा म्हणतात. पहिल्या शब्दांत घोड्याचें ग्रीक नांव आहे, दुसरा शब्द मलायी भाषेंतील घोडा. म्हणजे हा घोडाघोडाच झाला. अश्वारूढांच्या नांवाच्या वस्तींत त्याला जागा शोभेल खरी, परंतु ह्या घोड्याला धांवतां मुळींच येत नाहीं. त्याच्या पाठीवरचा लहानसा पर सेकंदाला तीसपस्तीस वेळां हलतो, तरी तो सरकतो मुंगीच्या चालीनें. लाटेपुढें त्याचा एकच उपाय, शेपटीनें गवत धरून ठेवणें. त्याला दांत नाहींत, जठरही नाहीं. खाल्लेलें भराभर पुढें जातें, म्हणून दिवसभर थोडें थोडें खात राहावें लागतें, आणि तेंही हलणारें जिवंत भक्ष्य. मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते. तीं कांहीं आठवडे तोच वागवितो आणि शेवटीं तोच वितो. एका वेळेस शेंकडों पिलें होतात, त्यांतून मोठें होतें तें एखादें.

ज्या गवताला तो धरतो, तें खरोखर गवतच असतें, शेवाळ नव्हे. समुद्रगवताला मुळें असतात, पाण्यांत बुडालेलीं फुलें येतात, बीं धरतें. मन्नारच्या आखातांत, पाल्कच्या सामुद्रधुनींत, लक्षद्वीपांत आणि चिल्का सरोवरांत त्याचीं कुरणें आहेत. तीं कुरणें म्हणजे मासळीचें बाळंतघर. परंतु टांकींत समुद्रगवत लावणें अवघड जातें. त्याला वाळूचा जाड थर, भरपूर प्रकाश व महिन्यांचा धीर लागतो. म्हणून हौशी लोकांनीं त्याऐवजीं कौलर्पा नांवाचें हिरवें पर्णाकृति शेवाळ धरलें. तें दिसतें झाडासारखें, वाढतें भराभर, आणि एका तुकड्यापासून सबंध टांकी भरतें.

ह्या कौलर्पेनें जो अनर्थ केला तो सांगण्यासारखा आहे. जर्मनींतील श्टुटगार्टच्या मत्स्यालयांत तिची एक जात फार जोमदार निघाली. थंडी सोसणारी, टवटवीत. तेथून ती इतर मत्स्यालयांत गेली. १९८४ सालीं मोनॅको येथील प्रसिद्ध समुद्रसंग्रहालयाच्या भिंतीखालीं, उघड्या भूमध्य समुद्रांत, तिचा एक पट्टा दिसला. सुमारें एक चौरस मीटर. तो तेव्हां एका माणसाला एका दुपारीं उपटतां आला असता. तो कोठून आला, कोणाच्या टांकींतून, ह्यावर वर्षानुवर्षें वाद झाला. अलेक्झांद्र मेनेझ नांवाचा प्राध्यापक ओरडून सांगत होता आणि मोठीं माणसें त्यास घाबरट म्हणत होतीं. दरम्यान नांगरांना व जाळ्यांना चिकटून ती वनस्पति फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशिया, ट्युनिशिया ह्या देशांच्या किनाऱ्यांवर पोंचली आणि हजारों हेक्टर तळावर पसरली. तिच्यांतील विषामुळें तिला खाणारे थोडे. पुढें १९९८ सालीं आनुवंशिक तपासणीनें समुद्रांतील व मत्स्यालयांतील वनस्पति एकच ठरली.

तिनें ज्यावर आक्रमण केलें तें भूमध्य समुद्रांतील पोसिडोनिया नांवाचें समुद्रगवत, आणि त्या गवतांत राहणाऱ्यांपैकीं एक समुद्रघोडा. म्हणजे घोड्याला घर म्हणून काचेंत जी वनस्पति लाविली, तीच बाहेर पडून त्याच्या खऱ्या घरावर चाल करून गेली. कॅलिफोर्नियांतील एका खाडींत २००० सालीं तीच वनस्पति सांपडली, तेव्हां तेथील लोकांनीं मागचा धडा घेऊन तिच्यावर ताडपत्र्या अंथरल्या, खालीं क्लोरीन सोडला, आणि २००६ सालीं ती नष्ट झाल्याचें जाहीर केलें. एकट्या खाडीच्या सफाईला सहा वर्षें. भूमध्य समुद्रांत मात्र तिला कोणी काढूं शकलें नाहीं. पुढें अनेक ठिकाणीं ती आपण होऊन ओसरली, कां तें ती जाणे.

समुद्रघोड्यावरचें दुसरें संकट ह्याहून साधें आहे. चिनी वैद्यकांत वाळविलेल्या समुद्रघोड्यास औषधी मानतात. ॲमंडा व्हिन्सेंट ह्या विदुषीनें १९९६ सालीं ह्या व्यापाराची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हां एका वर्षांत निदान दोन कोटि समुद्रघोडे विकले जात असल्याचा अंदाज निघाला. ते बहुतेक कोळंबीच्या जाळ्यांत इतर मासळीबरोबर ओढले जातात. मत्स्यालयांसाठीं जिवंत विकले जाणारे त्या मानानें फार थोडे. परंतु समुद्रांतून धरून आणलेला घोडा मेलेलें भक्ष्य ओळखत नाहीं, आणि काचेआड उपाशीं मरतो, म्हणून एका टांकीसाठीं अनेक धरावे लागत. भारतांतून, विशेषतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून, सुका माल पूर्वेकडे जाई. २००१ सालीं भारत सरकारनें समुद्रघोडे व त्यांचें सबंध कुळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलें, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसविलें. २००४ च्या मेपासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंधन आलें. कायदा झाला म्हणून जाळें कांहीं घोडा ओळखून सोडीत नाहीं, आणि जाळ्यांत वर येईपर्यंत तो बहुधा मेलेलाच असतो. पण उघड बाजार बंद झाला, हें थोडें नव्हे.

तेव्हां स्वारगेटच्या त्या माडीवर समुद्रघोडा आणतां येणार नाहीं. बाग मात्र लावतां येईल, आणि ती कशी लावावी हें पाहिलें म्हणजे समुद्र घरीं आणणें किती खर्चाचें आहे तें कळतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. दोनशें लिटरांच्या टांकीस सात किलो क्षार लागले. त्यांतील तीन चतुर्थांशांहून कांहीं अधिक साधें मीठ, पण उरलेला चतुर्थांश नसला तर तो समुद्र नव्हे, नुसतें लोणच्याचें पाणी. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा लागतो. नुसत्या पाण्याचेंच वजन दोनशें किलो. वाळू व काच निराळी. जुन्या वाड्याच्या तक्तपोशीनें तें तोलावें कीं नाहीं, ह्याचा विचार सुताराला विचारूनच करावा. चैत्रवैशाखांत पुण्याची हवा तापते, आणि समुद्रगवत व बहुतेक समुद्रजीव तीस अंशांवर फार काळ प्रसन्न राहत नाहींत. तेथें माठाची युक्ति कामास येते. कोरड्या हवेंत पाण्यावरून वारा घातला म्हणजे वाफ होतां होतां पाणी थंड होतें. कोंकणांतील दमट हवेंत ही युक्ति इतकी साधत नाहीं, हा देशावर राहण्याचा एक लाभच. मात्र वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. कमी झालेल्या पाण्याच्या जागीं गोडें पाणीच घालावें लागतें. घरांतील एखाद्या आज्ञाधारक मुलानें खारें पाणी घालून टांकी भरती ठेविली, तर महिन्यांत तो समुद्र मृतसमुद्र होईल.

वाळू लावून, प्रकाश देऊन, वनस्पतींनीं मूळ धरीपर्यंत कित्येक आठवडे कांहींच सोडावयाचें नाहीं, हा ह्या बागेचा पहिला नियम; आणि बहुतेक बागा ह्याच नियमावर मोडतात. कौलर्पा लाविली तर ती कापत राहावी लागते. न कापल्यास ती कधीं कधीं एका रात्रींत आपलें बीज पाण्यांत सोडून मरते. सकाळीं पाहावें तों झाडें पांढरीं फटक, पाणी दुधासारखें, आणि टांकींतील जीव गुदमरलेले. कापलेले तुकडे टाकावे कोठें? स्वारगेटच्या गटारांत पडलेला तुकडा आंबील ओढ्यावाटे मुठेस जाईल आणि गोड्या पाण्यांत मरेल. पुण्यानें ह्या बाबतींत निर्धास्त असावें. मालवणास किंवा मुंबईस तोच तुकडा सरळ समुद्रांत पडतो. आणि समुद्रगवत हवें म्हणून एखाद्या खाडींतून तें उपटून आणावें, तर गॉसच्या वाचकांच्या हातोडीछिनींत आणि त्या खुरप्यांत अंतर तें काय राहिलें?

समुद्रघोड्याच्या टांक्या आपल्याकडे चालल्या त्या दिवाणखान्यांत नव्हे, प्रयोगशाळांत. गोव्यास दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें पिवळ्या समुद्रघोड्याच्या पैदाशीवर वर्षानुवर्षें काम केलें आहे. तेथें प्रश्न शोभेचा नव्हता. नराच्या पोटांतून निघालेल्या शेंकडों पिलांपैकीं अधिकांत अधिक जगावीं कशीं, हा होता. जन्मतःच सेंटिमीटराच्या आंतबाहेरचें तें पिलूं पहिल्याच दिवशीं शिकार करूं लागतें, आणि त्याच्या तोंडांत मावतील असे सूक्ष्म जिवंत कोळंबीसदृश जीव दिवसांतून अनेकदां पुरवावे लागतात. आरंभीं पिलें पाण्याच्या वरच्या थरांत तरंगत राहतात. पुढें शेपटींत जोर आला म्हणजे तीं कांहींतरी धरावयास शोधूं लागतात. अशा वेळीं टांकींत गवत, दोरी वा जाळीचा तुकडा कांहींच नसेल, तर तीं एकमेकांच्या शेपट्या धरतात, कधीं मानही; आणि मग त्या गुंत्यांतून त्यांना सोडविण्यासाठीं कोणीतरी हात पाण्यांत घालावा लागतो.